न जुळलेली घराणी

मराठीत कुलवृत्तांत हा एक वेगळाच ग्रंथप्रकार आहे. एका आडनावाची, खरे तर एका आडनावाखाली नांदणाऱ्या अनेक घराण्यांची, सांगोपांग माहिती एका जाडजूड पुस्तकात आणायची. आधी गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळगाव. मग गावोगावच्या घराण्यांच्या वंशावळी. त्यानंतर एकेका व्यक्तीची चार-आठ ओळींची नोंद. कोण कुठे जन्मला, काय शिकला, कोणत्या घरची मुलगी केली, मुले किती, नोकरी कोठे, मृत्यू केव्हा. मधूनमधून पगडी घातलेल्या पूर्वजांची छायाचित्रे आणि शेवटी शुद्धिपत्र. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रकार रुजला आणि कोकणातल्या चित्पावन घराण्यांनी तो सर्वांत जोमाने चालवला. ही पुस्तके वर्गणी गोळा करून कुलबंधूंसाठी छापली जात आणि बहुतेक कुलबंधूंच्याच कपाटांत राहत. १९६८ साली मॉरीन पॅटरसन या अमेरिकन विदुषीचा चित्पावनांच्या कुलवृत्तांतांवरचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पश्चिम भारताची समाजरचना आणि तिच्यातले बदल अभ्यासायला ही पुस्तके साधन म्हणून वापरता येतात, असे त्यात मांडले होते. घराण्याने घराण्यासाठी लिहिलेले पुस्तक सातासमुद्रापलीकडच्या अभ्यासकाला मोलाचे वाटले, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. थोर पुरुषांची चरित्रे तिला इतरत्रही मिळाली असती. कारकून, भिक्षुक, मास्तर, ओव्हरसियर अशी साधी माणसे आजोबा-मुलगा-नातू अशा ओळीने आणि गाव-शिक्षण-व्यवसायासह नोंदलेली मात्र फक्त इथेच सापडतात.

आपल्या आडनावाचा कुलवृत्तांत करू पाहणाऱ्यांच्या हाती ही मार्गदर्शिका देताना मला एकच गोष्ट पटवायची आहे. कुलवृत्तांत किती शतके मागे जातो यावर त्याची किंमत ठरत नाही. जे जुळले ते कशाच्या आधारे जुळले हे तो सांगतो का, आणि जे जुळले नाही ते न जुळलेलेच ठेवण्याची हिंमत त्याच्यात आहे का, यावर ती ठरते. पुढच्या पानांत कागद कोठे मिळतात, नोंदी कशा ठेवाव्यात, वंशावळीला क्रमांक कसे द्यावेत हे सर्व आले आहे. पण तंत्र कितीही चांगले असले तरी ही एक गोष्ट सुटली, तर पाचशे पानांचे पुस्तकही घराण्याची प्रशस्ती होऊन बसते.

या कामात मोहाचा एक प्रसंग हमखास येतो. दोन गावची दोन घराणी असतात. आडनाव एक, गोत्र एक, कुलदैवत एक. मूळगावही दोघे एकच सांगतात. एकाच्या वंशावळीत सातव्या पिढीवर महादेव नावाचा पुरुष आहे आणि दुसऱ्याच्या मूळपुरुषाच्या वडिलांचे नाव महादेव होते असे ऐकिवात आहे. कागद एकही नाही. दोन महादेव एकच मानले की दोन्ही घराणी एका झाडाला लागतात, दोन्हीकडचे कुलबंधू आनंदतात, वर्गणीही सढळ हाताने येते. यात कोणाचे काही बिघडले असे वाटत नाही. बिघडते ते पुढच्या पिढीत. छापील अक्षराला आपल्याकडे फार मान आहे. तीस वर्षांनी पुरवणी काढणारा संपादक हा अंदाज पुरावा म्हणून उचलतो, त्यावर आणखी दोन शाखा चढवतो, आणि मुळात हा जोड कोणी आणि कशावरून दिला हे शोधायला वाटच उरत नाही. महादेव, विठ्ठल, गोविंद, नारायण ही नावे तर घरोघरची. त्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत. गोविंद विठ्ठल, विठ्ठल गोविंद, पुन्हा गोविंद विठ्ठल अशी साखळी कोणत्याही घराण्यात सापडेल. तिच्यातून दोन पिढ्या गळल्या तरी कळत नाही, दोन जास्तीच्या घुसल्या तरी कळत नाही. जाणते संपादक अशा वेळी ही दोन्ही घराणी स्वतंत्र छापतात, त्यांना वेगळे क्रमांक देतात, संबंधाची शक्यता एका वाक्यात नोंदवतात आणि थांबतात. उद्या एखादा महजर, म्हणजे निवाड्याचा जुना कागद, किंवा तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायाच्या वहीतला लेख मिळाला तर जोडणे सोपे असते. एकदा जोडलेले तोडणे फार अवघड, कारण तोपर्यंत त्या जोडावर माणसांची मने बसलेली असतात.

वंशावळ जोडून वाढवण्याची ही ओढ आजची नाही, आणि ती नेहमी पोकळ अभिमानातूनच येते असेही नाही. वंशावळ हा आपल्याकडे कायमच कामाचा कागद होता. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचे मूळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेणारी वंशावळ मांडली गेली, कारण त्या काळच्या धर्मव्यवस्थेत राज्याभिषेकाला क्षत्रियत्वाचा आधार लागत होता. त्या संबंधावर इतिहासकारांत पुढे बराच वाद झाला. महाराजांच्या कर्तृत्वाला त्या वादाने कसलाही उणेपणा येत नाही. पण वंशावळ गरजेतून कशी लिहिली जाते याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही. गावपातळीवर हेच पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांच्या बाबतीत घडे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे गेला की दोन्ही पक्ष आपापला करीना, म्हणजे हक्काची हकिकत, देत, वंशावळ मांडत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्यानुसार इनामदारांकडे हक्काचे आणि वारशाचे पुरावे मागितले, तेव्हा त्या चौकशीसाठी वंशावळी पुन्हा मांडल्या गेल्या. हे कागद आज अमोल आहेत. मात्र ते दावेदाराने लिहिलेले आहेत, हे विसरता येत नाही. ज्याचा वाटा नाही तो त्यांत नाही. मुली नाहीत, निपुत्रिक चुलता नाही, मोहिमेवर गेला आणि परतला नाही तो भाऊ नाही, भांडून घाटावर निघून गेलेला तर मुळीच नाही. घरच्या ट्रंकेतून वंशावळीचा जुना कागद निघाला तर नावे उतरवून घेण्याआधी त्याला विचारावे की तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणापुढे ठेवायला लिहिला आणि त्यातून काय मिळायचे होते.

दुसरी अडचण खुद्द आडनावाची आहे. आडनाव म्हणजे कुळाचे जुने आणि अढळ नाव, असे धरून आपण शोधाला लागतो आणि चारपाच पिढ्यांतच वाट चुकतो. श्रीवर्धनचे भट पेशवेपदामुळे पेशवे झाले. नाना फडणवीस जन्माने भानू; फडणिशी हा हुद्दा. जोतीराव फुले यांच्या पूर्वजांचे आडनाव गोऱ्हे आणि गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पुण्यात फुलांच्या व्यवसायावरून ते फुले झाले. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे. शाळेत नाव लागले ते आंबडवे या गावावरून, आणि पुढे त्याचेही आंबेडकर झाले. कुलकर्णी, देशपांडे, जोशी, पाटील ही मुळात कामाची नावे, तेव्हा शेजारच्या दोन गावांतले कुलकर्णी एकमेकांचे कोणीच नसणे हेच स्वाभाविक. जाधव, पवार, मोरे, गायकवाड ही आडनावे एकाहून अधिक जातींत आहेत. जुन्या कागदांत तर बहुसंख्य माणसांना आडनावच नसते. अमका ‘बिन’ तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा, एवढ्यावर ओळख पुरी होते. बाईची ओळख ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दापुढे येणाऱ्या नवऱ्याच्या नावाने. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांतली ‘नाक’ने संपणारी नावे महार शिपायांची; त्यांत शिपायाचे नाव आणि बापाचे नाव असते, आज आपण ज्याला आडनाव म्हणतो ते तिथे दिसत नाही. त्या शिपायांच्या वंशजांना आजच्या आडनावावरून मागे जाता येणारच नाही.

याच्या उलट कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची नावे पाहावीत. पहिले नाव बायबलमधले आणि आडनाव पेणकर, रोहेकर, किहीमकर असे अस्सल कुलाबा जिल्ह्यातले. कोणत्या गावातून कोणती शाखा उठून मुंबईला गेली हे त्या आडनावातच लिहून ठेवलेले आहे. गोव्यात तिसराच प्रकार झाला. सोळाव्या शतकापासून धर्मांतरितांना पोर्तुगीज आडनावे मिळाली आणि एकाच मूळ घराण्याच्या शाखा वेगवेगळ्या आडनावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. तिथे नाते शोधायचे तर गावकारी (गावच्या मूळ घराण्यांची संस्था) आणि गावचे दैवत यांच्या आधारानेच. तात्पर्य असे की कुलवृत्तांत आडनावाच्या नावाने निघत असला तरी संशोधनाचा खरा धागा गाव, दैवत, देवक आणि वतन यांच्यातून जातो. ज्या संपादकांनी ‘आमचे आडनाव असलेले सारे आमचेच’ असे धरले, त्यांची पुस्तके आज फक्त नावांच्या याद्या म्हणून उरली आहेत.

आता साधनांकडे येऊ, कारण ती वाटतात त्याहून जास्त आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या हे त्यांतले सर्वांत विलक्षण साधन. यजमान आला की गाव आणि आडनाव सांगून त्याने वहीतला आपल्या पूर्वजांचा लेख पाहायचा आणि खाली आपला लेख लिहायचा, अशी ही पद्धत. कोण आले, कोणाच्या अस्थी आणल्या, बरोबर कोण होते, घरी भाऊ आणि मुलगे किती, हे त्यात येते आणि पुष्कळदा ते पूर्वजाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात असते. वतनाच्या कज्जातला कागद काही मिळवण्यासाठी लिहिलेला असतो. तीर्थाच्या वहीत खोटे लिहून काही मिळण्यासारखे नव्हते. म्हणूनच दोन्हींत विरोध आला तर मी वहीला झुकते माप देईन. अर्थात वहीतही स्मरणाच्या चुका असतात: आजोबांचे नाव बरोबर, पणजोबांचे बहुधा बरोबर, खापरपणजोबांपाशी मात्र यजमान अडखळलेला असतो. या वह्या खाजगी मालकीच्या आहेत, वाटण्यांमध्ये त्या फुटतात आणि कागद ठिसूळ होतो आहे. हरिद्वारच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाह इथल्या वंशावळी जपणाऱ्या संस्थेने घेतल्या. आपल्या त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या वह्यांची तशी पद्धतशीर काळजी घेणे हे आपले काम आहे.

पुण्याच्या पुरालेखागारातले पेशवे दफ्तर हा दुसरा मोठा साठा. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले, पण ते खरोखर निवडकच. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे गावोगाव पायपीट करून घरोघरची दप्तरे मिळवली; १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हे काम पुढे नेले. राजकारणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या साधनांचा उपसा केला. घराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मात्र छापील खंडांच्या सूचीत आपले आडनाव पाहून पुस्तक मिटले. त्याचे मुख्य कारण मोडी. लेखणी न उचलता लिहिली जाणारी ही लिपी विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत घरातले कागद घरच्यांनाच परके झाले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही, शब्द तोडलेले नसतात, ठरावीक शब्दांची संक्षिप्त रूपे असतात. अर्धवट शिकलेल्या वाचकाने गावाचे नाव चुकीचे लावले तर सगळा शोध भलत्या तालुक्यात जातो. कालगणनेचेही तसेच. कागदावर शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढता येतो, पण पेशवाईतल्या कागदांवर बहुधा शुहूर सन असतो आणि तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७० येते, आणि हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. ज्याला हे गणित ठाऊक नाही तो बापाच्या आधी मुलगा जन्माला घालतो, आणि असे प्रकार छापील वंशावळींत आहेत. यावर एक साधा ताळा आहे. पिढीला सरासरी पंचवीस ते तीस वर्षे धरावीत. दोनशे वर्षांत चौदा पिढ्या बसवलेल्या दिसल्या किंवा चारच पिढ्यांत तीन शतके काढलेली दिसली, तर नावे कितीही ठामपणे सांगितलेली असोत, कुठेतरी सांधा निखळलेला आहे.

कुलवृत्तांतांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की हा सगळा जातीच्या अभिमानाचा व्यापार आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. ज्यांच्याकडे लेखणी होती, वतन होते, छपाईची ऐपत होती, त्यांनी स्वतःचे वृत्तांत लिहिले. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्या नावाने महजर फारसे निघाले नाहीत, त्यांना तीर्थाच्या वहीत जागा क्वचितच मिळाली. अनेक जुन्या कुलवृत्तांतांतले कुलगौरवाचे अध्याय आज वाचताना अवघडल्यासारखे होते. तरीही यातून वंशावळ सोडून द्यावी असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, कारण आज महाराष्ट्रात वंशावळीची सर्वांत जास्त गरज पडते ती नेमकी इतिहासाने ज्यांना कागद दिले नाहीत त्यांना. जातवैधतेच्या प्रकरणात अर्जदाराला प्रतिज्ञापत्रावर वंशावळ द्यावी लागते आणि पूर्वजांची नोंद दाखवावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीची. पालावर जन्मलेल्या माणसाच्या नातीला १९६१ च्या आधीचा कागद मागितला जातो. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा जो शोध चालला, त्यात निजामकाळातली महसुली दप्तरे, शाळांची जुनी रजिस्टरे, कोतवाल बुके असे सारे धुंडाळले गेले. वंशावळ हा चित्पावनांच्या दिवाणखान्यातला विषय राहिलेला नाही. तो तहसील कचेरीच्या रांगेतला विषय झाला आहे.

म्हणून कुलवृत्तांताची पद्धत सर्वांच्या हाती गेली पाहिजे, आणि त्यासाठी साधनांची यादीच बदलली पाहिजे. कोतवाल बुकातल्या म्हणजे गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, तलाठ्याकडची फेरफार नोंदवही, वारसांच्या नोंदीचा नमुना ६-क, शाळेचे जनरल रजिस्टर, पलटणीचे कागद, गिरणीतल्या कामगाराचे सर्व्हिस बुक या सर्वांतून तीन ते पाच पिढ्या खात्रीने उभ्या राहतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून शेतकरी घराण्यांच्या वंशावळी सांगणारा आणि जपणारा हा समाज. त्याच्या तोंडची माहिती ध्वनिमुद्रित करून, सांगणाऱ्याच्या आणि गावाच्या नोंदीसह पुस्तकात आली पाहिजे. कोकणातून आणि घाटावरून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांची नोंद तिथल्या गिरमिटाच्या रजिस्टरांत बापाच्या नावासह आणि गावासह आहे; ती मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपली आहेत. रत्नागिरीतल्या एखाद्या घराण्याच्या वंशावळीत ‘परागंदा’ एवढेच लिहिलेला माणूस तिथे सापडणे अशक्य नाही. अशा साधनांवरून उभी राहिलेली वंशावळ पाचच पिढ्यांची झाली तर ती पाचच पिढ्यांची छापावी. वर पौराणिक ऋषी किंवा राजपूत राजा बसवून तिची उंची वाढवण्याने ती फक्त अविश्वसनीय होते, आणि उद्या जातवैधता समितीपुढे नेली तर खरी असलेली खालची पाच नावेही संशयात येतात.

दुसरा आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो आणि त्याला माझ्यापाशी बचाव नाही. रूढ कुलवृत्तांतात मुलगी म्हणजे एक ओळ: माहेरचे नाव, कंसात सासरचे नाव, नवरा, गाव. तिथे तिची रेघ संपते. सुनेची नोंद येते ती अमक्याची कन्या म्हणून, आणि लग्नात नाव बदलण्याच्या रिवाजामुळे तिचे पहिले नाव बहुधा हरवलेलेच असते. जुन्या वंशावळींत तर पुरुषाला तीन विवाह आणि सहा मुले आहेत, आणि कोणते मूल कोणत्या पत्नीचे याचा पत्ता नाही. याने नुसता अन्याय होतो असे नाही, माहितीही बिघडते. बाळंतपणातले मृत्यू, मुलांची मरणे, १८९६ नंतरची प्लेगाची वर्षे, १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांचा घराण्यावर झालेला आघात आईच्या नावाशिवाय वाचताच येत नाही. कायदा या बाबतीत कुलवृत्तांतांच्या पुढे गेला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावण्याचे राज्य सरकारने ठरवले. ‘मुलींची संतती घेतली तर पुस्तक आवरणार नाही’ असे संपादक म्हणतात. ते खरे आहे, पण निदान एक पिढी पुढे, मुलीची मुले नावानिशी, आणि एक पिढी मागे, सुनेचे आईवडील आणि त्यांचे गाव, एवढे घेणे प्रत्येकाला जमते. दत्तकाचीही अशीच हेळसांड होते. दत्तक गेलेला मुलगा जन्मघराण्यातून पुसला जातो आणि दत्तक आलेला जणू तिथेच जन्मला असे दाखवले जाते. दोन्ही ठिकाणी नोंद हवी.

मग प्रश्न येतो नकोशा गोष्टींचा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला तेव्हा मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. आज तोच विवाह कोणत्याही घराण्याला भूषण वाटेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, म्हणून ते टिळक राहिले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. ज्या काळात ज्याची लाज वाटली ते त्या काळच्या संपादकाने गाळले, आणि पुढच्या काळाला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. मृतांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: आंतरजातीय विवाह, पुनर्विवाह, धर्मांतर, घटस्फोट हे घराण्याच्या इतिहासाचे भाग आहेत, ते साध्या शब्दांत, टीकाटिप्पणी न करता नोंदवावेत. जिवंत माणसांचा हिशेब मात्र वेगळा. त्यांच्या लेखी संमतीशिवाय जन्मतारीख, पत्ता, दूरध्वनी छापू नये. एके काळी पत्त्यासह छापणे ही कुलबंधूंची सोय होती. आज जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव या दोन गोष्टी बँका ओळख पटवायला विचारतात, आणि आपण त्या दोन्ही एकाच पानावर छापून देतो. कोणी ‘माझे नावच नको’ म्हणाले तर त्या जागी ‘एक मुलगा’, ‘एक मुलगी’ एवढे लिहून पुढे जावे. यावर कुलसंमेलनात भांडण होऊ देऊ नये.

राहता राहिला संगणकाचा मुद्दा. सारे काही पडद्यावर करता येत असताना पुस्तक कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. शोधासाठी, जुळवाजुळवीसाठी, दुरुस्तीसाठी संगणक हवाच. पण ज्या फाइलीत कोणीही केव्हाही नाव बदलू शकतो आणि जिच्या वर्गणीचे नूतनीकरण चुकले की ती नाहीशी होते, तिच्यावर शंभर वर्षांची मदार ठेवता येत नाही. छापील आवृत्तीला वर्ष असते, संपादक असतो, त्यामुळे चुकीची जबाबदारीही कोणावर तरी असते. जनुकीय चाचणीबद्दलही अशीच अपेक्षा फुगते. ती पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारी रक्ताची रेघ दाखवील, पण त्या रेघेवरच्या माणसाचे नाव, गाव, दैवत सांगणार नाही. आणि दत्तकाला पूर्ण पुत्रत्व देणाऱ्या आपल्या समाजात कूळ आणि रक्त एकच कधी मानलेही गेले नाही.

तेव्हा ही मार्गदर्शिका हाती घेऊन कामाला लागणाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक नावापुढे आधार लिहा, मग तो कागद असो, वही असो की आजीचे स्मरण. स्मरण असेल तर सांगणाऱ्याचे नाव आणि सांगितल्याची तारीख लिहा. घरोघरचे मूळ कागद उसने आणले असतील तर छायाप्रती काढून ते ज्याचे त्याला परत करा. मोडी वाचता येत नाही म्हणून कोणताही कागद रद्दीत जाऊ देऊ नका. पुस्तक निघाल्यावर पाच-सहा प्रती भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांना आणि आपल्या जिल्ह्याच्या जुन्या ग्रंथालयांना द्या, कारण कुलबंधूंच्या प्रती घर बदलताना हरवतात. आणि शेवटी एक प्रकरण न जुळलेल्या घराण्यांसाठी राखून ठेवा. त्यांची नावे, गावे, कुठवर माहिती मिळाली आणि कुठे धागा तुटला, हे जसेच्या तसे छापा. पुढच्या संपादकाला काम तिथूनच सुरू करायचे आहे.